हृदयाच्या वाट्याची रात्र

झोप लागली की हृदयाचं काम हलकं होतं. ठोक्यांचा वेग उतरतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी दिवसाच्या मानाने साधारण १० ते २० टक्क्यांनी खाली येतं. जन्मभर एकदाही न थांबणाऱ्या या अवयवाच्या वाट्याला विश्रांती येते ती एवढीच. ज्यांचं बीपी रात्री असं उतरत नाही, त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका अधिक असतो, हे आता नीट माहीत झालेलं आहे. म्हणजे रात्रीचा हा उतार शरीराच्या हिशेबात धरलेला आहे. तो मिळाला नाही तर तूट साचत जाते.

झोपेत ज्याचा घसा पुन्हा पुन्हा मिटून श्वास अडतो, म्हणजे ज्याला स्लीप ॲप्निया आहे, त्याच्या हृदयाला हा उतार मिळत नाही. दिवसा पडत नाहीत असे ताण त्याच्यावर रात्री पडतात. आणि ज्याच्या छातीत हे सगळं चाललेलं असतं, त्या माणसाला त्याची खबर नसते. तो झोपलेला असतो.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, असा एक माणूस. त्याच्यामुळे मी या विषयाकडे वळले. मी डॉक्टर नाही. जे कळलं ते वाचून, त्याच्या डॉक्टरांना विचारून, काही गोष्टी पुन्हा पुन्हा समजून घेऊन कळलं.

दादाचं बीपी तीन प्रकारच्या गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नव्हतं. मीठ कमी केलं, चालणं वाढवलं, गोळ्यांची वेळ बदलली. मग एक दिवस त्याच्या नाडीची लय बिघडलेली सापडली. कार्डिओलॉजिस्टनी ईसीजी पाहिला आणि दादाकडे न बघता वहिनीला विचारलं, "हे झोपेत घोरतात का?"

वहिनी म्हणाली, "घोरण्याची मला सवय झाली आहे, डॉक्टर. मध्येच आवाज बंद होतो ना, तेव्हा मी जागी होते."

डॉक्टरांना हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. घोरणाऱ्या माणसाकडे पाहून लोक म्हणतात, किती गाढ झोपलाय. आवाज मोठा म्हणजे झोप चांगली, हा समज घरोघर पक्का बसलेला आहे. हृदयाचं नुकसान मात्र प्रामुख्याने आवाज थांबतो तेव्हा सुरू होतं.

श्वासाच्या वाटेवरचा घशाचा भाग, मऊ टाळू आणि जिभेच्या मुळामागचा, हाडाच्या किंवा कूर्चेच्या पिंजऱ्यात बसवलेला नाही. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, घशाला तसा नसतो. त्याला गिळायचं असतं, बोलायचं असतं, म्हणून तो लवचीकच असावा लागतो. जागेपणी स्नायू त्याला उघडा धरतात. झोपेत ते सैल पडतात. घसा मुळातच अरुंद असेल, मानेभोवती चरबी असेल, जबडा लहान किंवा मागे सरकलेला असेल, रात्री दारू किंवा गुंगी आणणारं औषध पोटात असेल, तर वाट आणखी आवळते. थोडी आवळली की हवा जाताना घशाच्या भिंती थरथरतात. ते घोरणं. पूर्ण मिटली की आवाज बंद. किमान १० सेकंद श्वास अडला तर त्याला ॲप्निया म्हणतात, पण पुष्कळदा तो त्याहून बराच जास्त वेळ, कधी अर्धा मिनिट आणि त्याहूनही अधिक, अडून राहतो. घशाची वाट अडल्यामुळे होणारा तो ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया.

त्या अडलेल्या वेळात छाती स्वस्थ नसते, हे लक्षात घ्यायला हवं. मेंदूकडून श्वास घेण्याचा हुकूम सुटतच असतो. फासळ्या फाकतात, पोटाचा पडदा खाली ओढला जातो, सगळं बळ लागतं, फक्त हवा आत येत नाही. नाक चिमटीत धरून, तोंड घट्ट मिटून श्वास आत ओढायचा प्रयत्न केला तर जे जाणवतं, ते हेच. एकोणिसाव्या शतकातले जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते, आणि प्रयोगशाळेत ॲप्नियाचा हृदयावरचा परिणाम तपासायला संशोधक जाग्या माणसांकडून नेमकी हीच करून घेतात.

बंद छातीत श्वास ओढला की आतला दाब एकदम खाली जातो. हृदय त्याच छातीत आहे. त्याच्या भिंती बाहेरच्या बाजूला खेचल्या जातात. डाव्या निलयाला, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या मुख्य कप्प्याला, आता हे बाहेरचं ओढणं सोसून आकुंचन पावायचं असतं, तेव्हा प्रत्येक ठोक्याला त्याला जास्त जोर लावावा लागतो. त्याच वेळी उजव्या बाजूला शिरांमधून जास्त रक्त ओढलं जातं, ती बाजू फुगते आणि दोन निलयांमधला पडदा डावीकडे सरकतो. डाव्या निलयात रक्त भरायला जागाच कमी उरते. वरच्या कप्प्यांच्या, अलिंदांच्या, भिंती तर फारच पातळ. त्यांच्यावर हा ताण वर्षानुवर्षं, रात्रीमागून रात्री येत राहतो. अलिंदं ताणून मोठी होतात, त्यांच्यात तंतुमय चट्टे पडतात आणि विजेचे संदेश सरळ वाटेने जाईनासे होतात. दादाच्या नाडीत सापडलेली ती बेताल लय, एट्रियल फिब्रिलेशन, अशा अलिंदांमध्ये सहज मूळ धरते.

या ताणलेल्या अलिंदांमधून संप्रेरकही सुटतं. रक्त फार झालं असा अलिंदांचा समज होतो आणि ते मूत्रपिंडांना जादा पाणी बाहेर टाकायला सांगतात. रात्री अनेकदा लघवीला उठावं लागणाऱ्या पुरुषाला लगेच प्रोस्टेटची शंका येते. पण या उठण्याचं मूळ कधी कधी घशात असतं. दादाच्या बाबतीत ते तसंच निघालं, आणि ऐकल्यावर त्याच्यापेक्षा मलाच जास्त आश्चर्य वाटलं.

श्वास अडलेला असताना दुसरीकडे ऑक्सिजन उतरत असतो आणि कार्बन डायऑक्साइड साचत असतो. आधी हृदयाचा वेग मंदावतो, पाण्यात बुडी मारल्यावर मंदावतो तसा. शरीर ऑक्सिजन वाचवू पाहतं. पण आतल्या आत धोक्याची घंटा वाजलेली असते. सिम्पथेटिक मज्जासंस्था, जी संकटात आपल्याला पळायला किंवा लढायला लावते, ती कमाल जोराने चालू होते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू ताठ होतात, मोठा घरघराट होऊन श्वास सुटतो. त्याच क्षणी हृदय धावू लागतं आणि आवळलेल्या रक्तवाहिन्यांमध्ये भरपूर रक्त ढकलतं. बीपी उसळतं. काही रुग्णांमध्ये त्या क्षणाचं वरचं बीपी २०० च्या पुढे गेलेलं नोंदवलं आहे. म्हणजे ज्या घडीला ऑक्सिजन जवळजवळ सगळ्यात कमी असतो, त्याच घडीला हृदयाला सगळ्यात जास्त काम पडतं. मग माणूस पुन्हा झोपेत जातो, स्नायू पुन्हा सैलावतात आणि घसा पुन्हा मिटतो. मधली जाग इतकी छोटी असते की सकाळी ती आठवत नाही.

श्वासाचा असा पूर्ण किंवा अर्धवट अडथळा तासाला सरासरी किती वेळा येतो, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे सात तासांच्या झोपेत २१० वेळा. हा गुणाकार मी मनात पहिल्यांदा केला तेव्हा दादाच्या त्या तीन गोळ्यांची मला कीव आली. त्या दिवसाचं बीपी उतरवायला धडपडत होत्या आणि रात्र ते पुन्हा वर नेऊन ठेवत होती.

कारण रात्रीची ही खळबळ सकाळी ओसरत नाही. १९९५ मध्ये व्हिरेंड सोमर्स आणि सहकाऱ्यांनी ॲप्नियाच्या रुग्णांच्या पायातल्या मज्जातंतूत बारीक सुई घालून सिम्पथेटिक संदेश थेट मोजले. झोपेत ते वाढलेले होतेच, पण माणूस जागा असताना, नीट श्वास घेत शांत पडलेला असतानाही वाढलेले होते. शरीर सावधपणाच्या त्या अवस्थेतच राहायला लागतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या अभ्यासगटात ७०९ जणांवर चार वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००० साली निघालेला निष्कर्ष असा की, ज्यांना सुरुवातीला श्वासाचा काहीच अडथळा नव्हता त्यांच्या तुलनेत एएचआय १५ किंवा जास्त असलेल्यांमध्ये पुढे उच्च रक्तदाब असण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होती. वजन, वय वगैरे गोष्टी हिशेबात घेऊनसुद्धा. तीन औषधांनीही बीपी उतरत नसेल तर झोपेबद्दल विचारलं जायला हवं, असं मला आता फार तीव्रतेने वाटतं. दादाला तो प्रश्न नाडी बिघडल्यावर विचारला गेला.

रक्तवाहिन्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. उंच डोंगरावर राहणाऱ्या माणसाला ऑक्सिजन कायमच कमी मिळतो आणि त्याचं शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. ॲप्नियात तो कमी होतो, लगेच भरून येतो, पुन्हा कमी होतो. या चढउतारात घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात, सूज वाढते आणि रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड घटतं. वाहिन्यांचं अस्तर खराब होतं आणि तिथे चरबीचे थर बसायला सोपं जातं. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या तर ऑक्सिजन घटला की आवळतातच, त्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूलाही पुढे वाढीव दाबाशी झगडावं लागतं.

एक अभ्यास वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते. हृदयविकाराने अचानक येणारे मृत्यू एरवी सकाळी, उठल्यानंतरच्या तासांत अधिक होतात. मध्यरात्र ते पहाटे सहा हा काळ त्या मानाने सुरक्षित. २००५ मध्ये अपूर गामी आणि सहकाऱ्यांनी असा अचानक मृत्यू आलेल्या ११२ जणांच्या नोंदी तपासल्या, ज्यांची आधी झोपेची तपासणी झालेली होती. ॲप्निया असलेल्यांपैकी ४६ टक्के लोक मध्यरात्र ते पहाटे सहाच्या दरम्यान गेले होते. ॲप्निया नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. "झोपेतच गेले, सुखाने गेले," असं म्हणून आपण ज्यांच्या घरच्यांचं सांत्वन करतो, त्यांच्यापैकी काहींची ती शेवटची रात्र सुखाची नसेल. हे मी कुणाच्या घरी जाऊन कधी म्हणणार नाही. पण ज्यांच्या हातात अजून रात्री आहेत त्यांच्यासाठी लिहायला हवं.

दादाची तपासणी हॉस्पिटलात, रात्रभर ठेवून झाली. डोक्याला, हनुवटीला, पायांना तारा, छातीभोवती आणि पोटाभोवती पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. आकडा तीव्र गटातला आला. मग सीपॅप आलं.

हे यंत्र रात्रभर मास्कमधून ठरावीक दाबाने हवा देत राहतं. ती हवाच घशाच्या भिंतींना आतून टेकू देते, घसा मिटत नाही. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातले कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवरचे परिणाम प्रसिद्ध केले. त्याआधी तीव्र ॲप्नियावर खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची वेगळी वाट करून देणं. ते वाचल्यापासून मास्कचा वळ दादाच्या गालावर दिसला तरी मला त्याचं काही वाटत नाही.

आता एक अवघड गोष्ट. ॲप्नियाने हृदय बिघडतं, सीपॅपने ॲप्निया थांबतो, म्हणजे सीपॅपने हार्ट अटॅक टळतो, असं सरळ गणित मांडावंसं वाटतं. सुरुवातीचे अभ्यासही त्याच बाजूचे होते. २००५ मध्ये स्पेनमधल्या पुरुषांच्या सुमारे दहा वर्षांच्या पाहणीत, तीव्र ॲप्नियावर उपचार न घेतलेल्यांमध्ये हृदयविकाराचे जीवघेणे प्रसंग निरोगी पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट आढळले, आणि सीपॅप वापरणाऱ्यांमध्ये पुष्कळच कमी. पण नेमाने मास्क लावणारा माणूस गोळ्याही नेमाने घेतो, जेवणाकडेही लक्ष देतो. मग श्रेय कुणाचं? ते ठरवायला चिठ्ठी टाकून गट पाडावे लागतात. तसा मोठा प्रयोग, सेव्ह नावाचा, सात देशांतल्या २,७१७ जणांवर झाला. सगळ्यांना आधीच हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. २०१६ मध्ये निकाल आला. सीपॅपच्या गटात १७ टक्के लोकांना हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर प्रसंग आला, सीपॅप न दिलेल्या दुसऱ्या गटात १५.४ टक्के लोकांना. म्हणजे या बाबतीत फायदा दिसला नाही.

निकाल खरा आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. पण त्याच्या आत पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. त्या लोकांनी मास्क रात्री सरासरी ३.३ तास लावला होता. स्वप्नांची झोप, जिच्यात स्नायू सगळ्यात सैल असतात आणि घसा मिटण्याची शक्यता सर्वाधिक, ती उत्तररात्री जास्त येते. तीन तासांनी मास्क काढून ठेवला तर ती झोप बहुतेक सगळी उपचाराशिवायच जाते. दुसरं, दिवसा फार झोप येणाऱ्यांना आणि ज्यांचा ऑक्सिजन खूपच घसरतो त्यांना या प्रयोगात घेतलंच नव्हतं, कारण उपचारावाचून ठेवणं योग्य झालं नसतं. आणि हाच प्रयोग असंही सांगतो की सीपॅपमुळे दिवसाची पेंग कमी झाली, मन हलकं झालं, कामावरचे खाडे घटले. बीपी सीपॅपने सरासरी दोन-तीन मिलिमीटरच उतरतं. औषधांना दाद न देणाऱ्या बीपीत आणि जास्त तास मास्क लावणाऱ्यांत उतार थोडा अधिक मिळतो.

हे सगळं मी दादाला जसंच्या तसं सांगितलं. खोटी हमी देऊन मास्क लावायला लावणं मला मान्य नव्हतं. तो म्हणाला, "मला गाडी चालवताना पेंग येत नाही, तेवढ्यासाठीसुद्धा मी लावीन." सिग्नलला गाडी थांबली तरी डोळे मिटणारा माणूस तो. नाडीचंही आहेच. एट्रियल फिब्रिलेशनवर उपचार करून लय जागेवर आणलेल्या रुग्णांची एक छोटी पाहणी २००३ मध्ये आली होती. ॲप्नियावर उपचार न घेणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांची लय वर्षभरात पुन्हा बिघडली, घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांची. ही पाहणी चिठ्ठी टाकून केलेली नव्हती, त्यामुळे तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही. दादाच्या डॉक्टरांनी तरी दोन्ही उपचार बरोबरच चालवले.

वजनाबद्दल बोलायलाच हवं, पण जपून. वजन १० टक्क्यांनी घटलं तर एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी घटतो, हे विस्कॉन्सिनच्याच अभ्यासातून आलं. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध नियामकांनी टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारं औषध स्थूल रुग्णांच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मंजूर केलं. या आजारासाठी मंजूर झालेलं ते पहिलंच औषध. हे सगळं चांगलं आहे. पण वजन आधी उतरवा, मग बघू, असं सांगून रुग्णाला परत पाठवणं मला क्रूर वाटतं. रात्रभर तुटलेल्या झोपेनंतर भूक वाढते, अंगात हिंडाफिरायचं बळ उरत नाही, आणि त्याच माणसाला आपण इच्छाशक्ती कमी म्हणून दोष देतो. शिवाय सडपातळ माणसांनाही हा आजार होतो, जबड्याच्या आणि घशाच्या ठेवणीमुळे. त्यांच्याकडे तर कुणी संशयानेही बघत नाही. सौम्य-मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारं दातांवरचं साधन चालतं, आणि पाठीवर झोपल्यावरच ज्यांचा श्वास अडतो त्यांना कुशीवर झोपूनही बरंच हलकं वाटतं.

ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, अशांत बायकाही आल्या. त्यांची तक्रार बहुधा घोरण्याची नसते. झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर गळून गेल्यासारखं होतं, उदास वाटतं. त्यावर ताणाची गोळी मिळते, झोपेची गोळी मिळते, किंवा वयच तसं आहे असं उत्तर मिळतं. पाळी गेल्यावर बायकांमधलं ॲप्नियाचं प्रमाण वाढतं, त्यामुळे "वय" हे उत्तर अर्धं बरोबरही असतं, आणि म्हणूनच ते पुढची चौकशी बंद पाडतं.

दादाला निदान वहिनी होती. माझी मावसबहीण एकटी राहते. तिचं बीपी दोन वर्षांत चढत गेलं आहे, रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतं, सकाळी तोंड कोरडं आणि डोकं जड. आपण घोरतो का हे तिला ठाऊक असायचं कारण नाही. मी तिला फोनवर आवाज रेकॉर्ड करून बघायला सांगितलं. त्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांपुढे ठेवायला काहीतरी मिळतं. तिने केलं. घोरणं तसं हलकंच होतं, मध्ये मध्ये तुटत होतं आणि मग एकदम खेचून घेतलेला श्वास. तिच्या डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि तपासणी लिहून दिली. तिला हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा दुसरा आजार नाही, म्हणून घरीच करता येणारी. नाकाखालची बारीक नळी, छातीभोवतीचा पट्टा आणि बोटाचा चिमटा, एवढं साहित्य पुढच्या आठवड्यात ती घरी आणणार आहे.

"एवढं सगळं लावून त्या रात्री झोपच आली नाही तर?" तिने विचारलं. चार-पाच तास लागली तरी सहसा पुरते, असं तिला सांगितलंय. नोंद अपुरी निघाली किंवा अहवाल निर्दोष येऊनही त्रास तसाच राहिला, तर हॉस्पिटलातली पूर्ण तपासणी मागायची, हेही कागदावर लिहून दिलंय.